ट्रंकेतल्या लोकरीच्या स्वेटरांना कसर लागलीये, धुवायचे कसे आणि ठेवायचे कसे?

रानजाई, पुणे

मंडळी, थंडी पडायच्या आत सल्ला हवाय. आमच्याकडे एक लोखंडी ट्रंक भरून हाताने विणलेले स्वेटर आहेत, सासूबाईंनी १९८० ते ९५ च्या दरम्यान विणलेले, बरीचशी लोकर तुळशीबागेतली आणि थोडी कुणी कुणी हिमाचलहून आणून दिलेली. दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंक उघडली तर काही स्वेटर कोरे करकरीत आणि काहींची पार चाळण झालेली. एकावर एक घड्या घालून ठेवलेले हां सगळे, म्हणजे वरचा भोकाभोकांचा आणि त्याच्याच खालचा धडधाकट, हे काय गौडबंगाल आहे कळत नाही. डांबरगोळ्या तर इतक्या होत्या की झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात, तरी कसर लागलीच.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं चाललंय. सासूबाई म्हणतात रिठ्यात धू, नवरा म्हणतो मशीनला वुलनचा प्रोग्राम आहे टाकून दे, समोरच्या काकू म्हणतात ड्रायक्लीनशिवाय हात लावू नकोस, आणि ड्रायक्लीनवाला सगळ्या गठ्ठ्याचा जो आकडा सांगतो तो ऐकून मी घरी परत आले.

दुसरं म्हणजे नणंदेला जानेवारीत बाळ होणारे. त्याच ट्रंकेत टोपडी, मोजे, चिमुकले स्वेटर आहेत आणि सासूबाईंची फार इच्छा आहे की बाळाला तेच घालायचे. ते कसे स्वच्छ करू?

आणि पुण्यात स्वेटर लागतात जेमतेम दोन महिने, बाकीचं वर्षभर, त्यात पावसाळा, हे सगळं ठेवायचं कुठे आणि कशात? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

सुलटउलट, निफाड

रानजाई, धुणंबिणं नंतर, आधी एक काम कर. प्रत्येक स्वेटरच्या आतल्या बाजूला शिवणीत कुठेतरी धाग्याचं टोक लोंबत असतं, ते बोटभर काप आणि जाळून बघ. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, आणि अंगावरची ओढणी सांभाळून. खरी लोकर असली तर ती नाखुशीनं जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरली की भुगा होतो. अ‍ॅक्रिलिक असलं तर भसकन पेटतं, वितळतं आणि शेवटी काळा कडक मणी उरतो, तो काही चुरत नाही. मिक्स धागा असला तर केसाचा वास पण येतो आणि खडा पण राहतो.

तुझं गौडबंगाल तिथंच सुटेल बघ. तुळशीबागेत काय नि आमच्या नाशकात काय, दुकानात जी लोकर गुंड्यांनी मिळते त्यातली बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, वर्धमानचे गुंडे घेतलेस तर लेबलवर लिहिलेलंच असतं. त्यात वाईट काही नाही, रोजच्या वापराला, पोरांना, तेच सोयीचं. पण किड्याच्या दृष्टीनं ते प्लास्टिक, तो कशाला तोंड लावेल. ज्यांची चाळण झाली ते हिमाचलवाल्या लोकरीचे, पैज लाव माझ्याशी.

धुणं पण मग दोन तऱ्हेचं. अ‍ॅक्रिलिकला पाण्याची भीती नाही, त्याला भीती इस्त्रीची. वाफेची इस्त्री टेकवून फिरवली की विणीतला जीवच जातो, काठाची रिब सैल पडते ती परत आवळत नाही. लोकरीला इस्त्री वरनं ओलं फडकं टाकून चालते, पण गरम पाणी आणि चोळणं चालत नाही.

लोकरीचा स्वेटर धुताना: पसरट टब घे, त्यात हाताला ना गार ना गरम लागेल असं पाणी, त्यात थोडं लिक्विड विरघळव आणि मग स्वेटर उलटा करून बुडव. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं, एवढंच. दहा मिनिटं खूप झाली. ब्रश नाही, धोपटणं नाही, नळाच्या धारेखाली धरायचं नाही, पिळायचं तर अजिबातच नाही. आणि विसळायचं पाणी पण तितपतच कोमट हवं, लोक इथंच घोळ घालतात, कोमट पाण्यात धुतात आणि मग टाकीच्या पाण्यात काढतात. आमच्याकडे जानेवारीत पारा कधी कधी ५ च्या खाली जातो, टाकीत हात घालवत नाही, त्या पाण्यात लोकर टाकली तर ती दचकणारच.

पाण्यातून काढताना दोन्ही हात खाली घालून गोळा उचल, खांद्याला धरून उचललास तर पाण्याच्या वजनानं तिथंच ताणतो. मग जाड टॉवेलवर पसर, टॉवेलसकट गुंडाळी कर आणि त्या गुंडाळीवर चक्क गुडघे टेकवून बस. बरंच पाणी टॉवेल पितो. नंतर सावलीत आडवा वाळवायचा, दोरीवर टांगायचा नाही, नाहीतर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. आमच्याकडे सुंभाची बाज आहे, तिच्यावर जुनं धोतर टाकते, खालून पण वारा लागतो. तुमच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळवायच्या घडीच्या स्टँडवर चादर टाकून काम होईल. पसरतानाच गळा, काठ, बाह्या हाताने जागच्या जागी आणून ठेव कारण जसा पसरशील तसाच तो वाळणार.

बाळाच्या कपड्यांचं मला नक्की माहीत नाही, कुणीतरी जाणकार सांगेल.

रसायनी_माणूस, डोंबिवली

सुलटउलट ताईंच्या धुण्याला पूर्ण अनुमोदन, मी फक्त साबणाचं बोलतो. लोकर म्हणजे केस आणि केस म्हणजे केराटिन, प्रथिन. आपल्या नेहमीच्या धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, त्यानं पाणी चांगलंच अल्कली होतं आणि लोकरीच्या केसावरचे खवले उघडतात. शिवाय बऱ्याच पावडरींत आता एन्झाइम असतात, त्यातलं प्रोटीएज हे घाम, दूध, रक्त असले प्रथिनांचे डाग तोडायलाच घातलेलं असतं, त्याला काय कळतंय डाग कुठला आणि स्वेटर कुठला. एका धुण्यात काही दिसत नाही, पण धुवत राहिलात तर लोकर रोडावत जाते. रेशमाचं पण हेच, त्यामुळे जी पावडर पैठणीला चालणार नाही ती स्वेटरला पण नाही असं धरून चाला.

मग काय वापरायचं तर वुलन-सिल्कसाठीचं लिक्विड. गोदरेजचं इझी किराणावाल्याकडे सुद्धा मिळतं. नाहीच मिळालं तर साधा शाम्पू, केसांना चालतो तर लोकरीला न चालायला काय झालं. आणि रानजाई, तुमच्या सासूबाई अगदी बरोबर सांगतायत, रिठ्याचा फेस लोकरीला सौम्य असतो. बिया काढून टाकायच्या, सालं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून गाळून घ्यायची. पांढऱ्या स्वेटरला मात्र नको, थोडी मातकट झाक राहू शकते. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाकलंत तर उरलासुरला साबण निघतो आणि लोकरीला किंचित आंबट पाणी मानवतंच. क्लोरीनचं ब्लीच मात्र थेंबभर सुद्धा नको, त्यात लोकर पिवळी पडते आणि जास्त वेळ राहिली तर विरघळून जाते, अतिशयोक्ती करत नाहीये.

आटण्याबद्दल एक गैरसमज असतो की गरम पाण्यानं आटतं. नुसत्या गरम पाण्यानं एवढं होत नाही. गरम पाणी, साबण आणि घुसळणं हे तीन एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात, केस एकाच दिशेनं सरकत जातात आणि मागे येत नाहीत. म्हणून मशीनबद्दल उत्तर असं की फ्रंट लोडचा वुलन प्रोग्राम ड्रम नुसता झुलवतो, विकतच्या ज्या स्वेटरच्या लेबलवर मशीन वॉश लिहिलंय त्याला तो चालतो. हाताने विणलेल्या जुन्या लोकरीला कुठलं आलंय लेबल. टॉप लोडमध्ये तर नकोच.

आता बाळाचं, आणि हे जरा नीट वाचा. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही बाळांना जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात, कावीळ होते आणि नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला धोका असतो. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे आणि दुलया वापरल्याने असं झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. ही कमतरता आपल्याकडे अगदी दुर्मीळ नाही, मुलग्यांत जास्त आढळते आणि तपासणी केल्याशिवाय कळत नाही. त्यात आपण बाळाला तेल चोळतो आणि नॅफ्थलीन तेलात छान विरघळतं, म्हणजे कातडीतून आत जायला वाट मिळते. त्यामुळे ते टोपडं कितीही धुतलं, वारा दिला, वास गेल्यासारखा वाटला तरी मी नवजात बाळाला घालणार नाही. बाळाच्या डॉक्टरांना विचारून बघा, ते पण हेच सांगतील असं वाटतं.

संत्रानगरी, नागपूर

वरचा प्रतिसाद वाचून हसू आलं. आमच्या अख्ख्या खानदानाचे स्वेटर, रजया, शाली डांबरगोळ्यांत राहिल्या, आम्ही सगळी भावंडं त्याच वासात वाढलो, काही झालं नाही बुवा. हल्ली प्रत्येक गोष्टीत भ्या दाखवायची पद्धतच झालीये.

ते असो, पण आमच्याकडे खरा भरवसा गोळ्यांवर नव्हताच, उन्हावर होता. होळी झाली की सगळे गरम कपडे गच्चीवर, उलटे करून, मधून मधून झटकून, खिसे बाहेर काढून. एप्रिलात नागपूरच्या गच्चीवर तुम्ही अनवाणी दोन मिनिटं उभे राहून दाखवा, मग सांगा कोणती अळी जगते. दोन-तीन दुपारी अशा झाल्या की जुन्या सुती साडीत बांधून, मधे वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. पाला पूर्ण कोरडा पाहिजे, दमट राहिला तर त्याचीच बुरशी कपड्याला लागते.

रसायनी_माणूस, डोंबिवली

साहेब, ज्याला ती कमतरता नाही त्याला कपड्यांच्या वासानं सहसा काही होत नाही, म्हणूनच तुमच्याकडे झालं नसावं. बाळाला ती आहे की नाही हे स्वेटर घालून बघायचं नसतं इतकंच म्हणणं आहे.

मोठ्यांच्या कपड्यांना गोळ्या वापरायच्या तर वापरा, पण त्या काम कशा करतात ते बघा. गोळीची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर ठेवायच्या, कागदाच्या पुडीत, तळाशी नाही. आणि वाफ कोंडून राहिली तरच ती किड्याला मारते. रोज उघडझाप होणाऱ्या कपाटात चार गोळ्या टाकल्या तर तो वास फक्त माणसांना त्रास द्यायच्या कामाचा. रानजाईंच्या ट्रंकेचं झाकण कुठेतरी वाकलेलं असणार, बघा. अजून एक, बाजारात दुसऱ्या पांढऱ्या गोळ्या पण मिळतात, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या. दोन्ही एका डब्यात टाकू नका, एकमेकांत मिसळून पातळ होतात आणि कपड्यावर डाग पडतो.

उन्हाचं मात्र मान्य. फक्त गडद रंग विटतात आणि पांढरी लोकर उन्हानं पिवळी पडते, तेव्हा दिवसचे दिवस नको.

एडिनबराकर

मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं स्कॉटलंडात. इकडे घरोघरी लोकर आणि गालिचे, त्यामुळे या किड्यांशी सगळ्यांचीच ओळख असते. काही गोष्टी सांगतो ज्या तिकडे कुणी फारशा बोलत नाही.

जो पतंग उडताना दिसतो तो काहीच खात नाही, त्याला खायला तोंडच नसतं म्हणा ना. खाते ती अळी. पतंग अगदी बारीक, सोनेरी भुरका, अर्धा-पाऊण सेंटीमीटरचा, आणि तो दिव्याकडे येत नाही, उलट अंधारात घुसतो. दिव्याभोवती फिरणारी पाखरं पाहून घाबरू नका, ती वेगळी. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, विणीच्या आत, दिसत नाहीत. अळीला नुसत्या स्वच्छ लोकरीवर नीट वाढता येत नाही, तिला घाम, अंगाचं तेल, सांडलेलं वरण असलं काहीतरी तोंडी लावायला लागतं. रानजाई, भोकं कुठे आहेत ते बघा, कॉलर, काख, पोटाचा भाग, बाहीचं टोक इथेच जास्त असतील. म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठा उपाय म्हणजे ठेवायच्या आधी धुणे. एकदाच घातलाय, स्वच्छच दिसतोय म्हणून तसाच घडी करून ठेवलेला स्वेटर हा पहिला बळी असतो. वेखंड, लवंग, कडुनिंब, इकडचे देवदाराचे ठोकळे, ह्या सगळ्यांनी फार तर नवीन पतंग येत नाही, आत घातलेली अंडी ढिम्म हलत नाहीत.

अजून एक. घराच्या भिंतीवर, पंख्याच्या वरच्या कोपऱ्यात, भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी चिकटलेली असते बघा, निरखून पाहिलं तर एका टोकातून बारीकसं डोकं काढून सरकते, हात लावला की आत घेते. सांगलीच्या घरी ढीगभर असायच्या. ती पण याच कुळातली अळी. जळमटं, गळलेले केस आणि मिळाली तर लोकर खाते. ट्रंक जिथे ठेवता त्या माळ्यावरची जळमटं काढली नाहीत तर बाकीचं सगळं व्यर्थ. पुस्तकात चंदेरी पळते ती कसर मात्र वेगळी, तिला कागद आणि खळ आवडते, लोकरीचा दोष तिच्यावर टाकू नका.

जिवंत अळ्या असल्याचा संशय असेल तर फ्रीजर. कोरडा स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, तोंड घट्ट बांधून, उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पुण्याच्या हवेतलं दव सगळं स्वेटरवर धरतं. मग बाहेर झटकायचं आणि धुवायचं. इकडे चिकट सापळे पण मिळतात, त्यात मादीचा गंध लावलेला असतो पण त्याला फक्त नर चिकटतात. घरात पतंग आहेत की नाही एवढं कळतं, इलाज नाही तो.

रानजाई, पुणे

बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. काल बाल्कनीत बसून सगळ्यांचे धागे जाळले, शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं काय पूजा चाललीये का.

सुलटउलट, पैज जिंकलात. चाळण झालेले सगळेच्या सगळे केसाच्या वासाचे निघाले आणि मणी उरलेल्यांपैकी एकालाही भोक नाही. एकच वेगळा निघाला, सासऱ्यांचा मरून रंगाचा बिनबाह्यांचा, तो शुद्ध लोकर आहे तरी जसाच्या तसा, पण तो उशीच्या अभ्र्यात गाठ मारून ठेवलेला होता आणि सासूबाई म्हणाल्या तो धुवून ठेवला होता, बाकीचे एका वर्षी घाईत तसेच गेले. एडिनबराकर, भोकं अगदी तुम्ही सांगितलीत तिथेच आहेत, एकाला तर पोटावर रांगच आहे. झाकणही वाकलेलं आहे, कडी लावली तरी बोट जाईल एवढी फट.

बाळाच्या कपड्यांचं घरी बोलले. सासूबाई जरा हिरमुसल्या, मग संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या की सुया काढ, नवीन विणते. तर आता तीन प्रश्न. बाळासाठी कुठली लोकर घेऊ? आमचा फ्रीज एका दाराचा जुना आहे, त्यातल्या बर्फाच्या कप्प्यात चालेल का? आणि भोकं बुजवता येतात का, की टाकूनच द्यायचे?

एडिनबराकर

एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जाईलच असं नाही, त्यावर विसंबू नका. कुणाकडे दोन दारांचा असेल तर त्यांची मनधरणी करा, नाहीतर वाफेची इस्त्री स्वेटरला न टेकवता अगदी जवळून, शिवणी आणि घड्यांवर सावकाश फिरवा, वाफेनं अंडी-अळ्या मरतात. फक्त शुद्ध लोकरीवर हां, अ‍ॅक्रिलिकचं वर सांगितलंय. ड्रायक्लीननं पण मरतात, तेव्हा एक-दोन अगदी लाडके असतील तर तेवढेच द्या.

सुलटउलट, निफाड

टाकून कशाला देतेस! आधी भोकं वाढू देऊ नकोस. धुवायच्या आधी, हो आधीच, कारण पाण्यात सुटलेला टाका पळतो. भोकाच्या कडेचे मोकळे टाके वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यात ओवून घे, सेफ्टीपिननं पण चालतं. मग धू, वाळव आणि नंतर दुरुस्तीला बस.

एकच टाका सुटून खाली शिडी पडली असेल तर सोपं आहे, क्रोशाच्या सुईनं एकेक आडवा धागा टाक्यातून ओढत वर यायचं, पाच मिनिटांचं काम. डाळीएवढं भोक असेल तर त्याच लोकरीनं टाक्यावर टाका घेत सुलट विणीचा आकार उमटवायचा, नीट केलं तर शोधून सापडत नाही. लोकर मिळणार कुठून? शिवणीत, किंवा आतून दुमडलेल्या काठात. तेही नसेल तर गळ्याची पट्टी उसव आणि पट्टी दुसऱ्या रंगाची घाल, जाणूनबुजून केल्यासारखं दिसतं. रफूवाल्याकडे द्यायचं तर आधी विचार की विणलेल्यावर करतो का, कापडावरचा रफू वेगळा, स्वेटरवर तसा ताठ रफू केला की तो भाग ताणला जात नाही आणि शेजारचं फाटतं.

आणि जो पारच गेलाय तो उसव. आमच्या आईच्या पिढीनं एका लोकरीचे तीन-तीन स्वेटर केलेत, पोरगा वाढला की उसवायचा. बाह्या बहुतेक शाबूत असतात. उसवलेली लोकर कुरळी असते, ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात बुडव आणि खाली हलकंसं वजन बांधून टांगून वाळव, सरळ होते. जिथे किड्यानं अर्धवट कुरतडलंय तिथे धागा ओढला की तुटेल, तोच तपास. शंका असलेला भाग फेकून दे, नव्या विणकामात घेऊ नकोस.

बाळासाठी मऊ अ‍ॅक्रिलिकची बेबी लोकर किंवा सुती धागा घे. बाळाचं रोजचं धुणं, त्यात शुद्ध लोकर सांभाळत बसायला बाळंतिणीला वेळ नसतो. केसाळ, फुलारलेली फॅन्सी लोकर नको, केस तोंडात जातात. टोपड्याला गळ्याशी लांब नाडी नको. आणि मोजे विणून झाले की उलटे करून आतले सगळे सुटे धागे नीट ओवून टाक, तसाच धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय कुणाला कळत नाही.

माणदेशी, सांगोला

विषय स्वेटरचा आहे पण लोकर म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे घोंगडी, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, जाड आणि राठ. तिला विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ लावतात, कुंच्यानं ओढून, त्यानं ती ताठ राहते. त्यामुळे घोंगडी स्वेटरसारखी टबात भिजवायची नसते. खळ निघाली की ती लुळी पडते आणि मग लोक म्हणतात माल खराब दिला. घोंगडी काठीनं झोडपायची, उन्हं द्यायची, डाग पडला तर तेवढ्यापुरतं ओल्या फडक्यानं पुसायचं. आमच्या घरातली घोंगडी आजोबांच्या वेळची आहे आणि तिला कसर लागलेली नाही, कारण ती कधी ट्रंकेत गेलीच नाही, रोज कुणीतरी अंथरतंय, झटकतंय. वापरातल्या लोकरीला किडा लागत नाही, एकांतात ठेवली की लागतो.

हर्णैकर, दापोली

रानजाई, तुमचा पावसाळ्याचा प्रश्न राहिला की. कोकणातलं सांगतो म्हणजे पुण्याला सोपंच जाईल. लोकर हवेतला दमटपणा खेचून घेते, तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी आत असलं तरी हाताला ओली लागत नाही. म्हणजे तुम्हाला वाटतं वाळलाय आणि तुम्ही डब्यात कोंडता, मग श्रावणात उघडलं की कुबट वास आणि पांढरे ठिपके. म्हणून भरायचं ते मेच्या आत, एखाद्या कडक कोरड्या दुपारी, वाळून झाल्यावर अजून एक दिवस पंख्याखाली ठेवून. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर भरू नका.

आम्ही धान्याची गोल पत्र्याची कोठी वापरतो, झाकण घट्ट बसतं. आतून जुनी सुती चादर, मग प्रत्येक स्वेटर वेगळ्या अभ्र्यात, म्हणजे एकाला काही झालंच तर शेजाऱ्याला लागत नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, रंग बदलणारी मिळते ती, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा टाकायची. कपूर टाकणारे टाकतात, पण घरात रांगतं मूल असेल तर नको, तोंडात गेला तर झटके येऊ शकतात.

आणि गणपती होऊन ऊन पडलं की एकदा सगळं बाहेर काढून झटकायचं. हे कंटाळवाणं वाटतं पण एवढं एक केलं तरी बाकीची औषधं निम्मी कमी होतात.

रानजाई, पुणे

कोठी आहे घरात, गहू भरायचो ती! आता पिठाची गिरणी लांब झाल्यापासून रिकामीच आहे. एक शेवटचं, ड्रायक्लीनला दोन शाली दिल्या आहेत, त्या प्लास्टिकच्या कव्हरात येतील. तशाच कोठीत ठेवू?

रसायनी_माणूस, डोंबिवली

नको, कव्हर काढा आणि दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटचा वास त्यात कोंडलेला असतो. शाली हँगरला लावू नका, आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला, एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडली की पश्मिना तिथेच विरते. गव्हाची कोठी आधी आतून कोरड्या फडक्यानं पुसून, कडेच्या खाचेत अडकलेले दाणे-पीठ ब्रशनं काढून टाका, त्यात सोंडे असतात. ते लोकर खात नाहीत पण मेलेल्या किड्यांवर गालिच्याचे भुंगे येतात आणि त्यांच्या केसाळ अळ्यांना मात्र लोकर फार आवडते.